साठ की आठ?

माझे मामा इचलकरंजीला तेहतीस वर्षे यंत्रमागावर कामाला होते. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही दोघे औषधाच्या दुकानात गेलो होतो. दुकानदाराने औषध पुढे ठेवले आणि म्हणाला, "साठ रुपये." मामांनी खिशातून सुटी नाणी काढली आणि मोजून आठ रुपये त्याच्या हातावर ठेवले. मागे उभी असलेली माणसे हसली, मामाही हसले. बाहेर आल्यावर मात्र म्हणाले, "आवाज येतोय की मला! तुम्हीच सगळी हल्ली तोंडातल्या तोंडात बोलताय."

मामांचे पहिले वाक्य अगदी खरे होते. त्यांना आवाज येत होता. 'साठ' या शब्दातला 'आ' ऐकू आला, 'ठ'चा अंदाज बांधता आला, पण आरंभीचा 'स्' कानापर्यंत पोचूनही ऐकू आला नाही. 'स्' गेल्यावर साठाचे आठ होणारच. आता नेमका 'स्'च का जावा? आणि तो मागावर काम केल्याने का जावा? या दोन प्रश्नांची उत्तरे तुमच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात आहेत, फक्त ती वेगवेगळ्या प्रकरणांत विखुरलेली आहेत. ती आज एकत्र करू या.

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी आणला. पुढे गल्लोगल्ली माग झाले. भिवंडी, मालेगाव, सोलापूर येथेही तेच. तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी खाली माग आणि वर बिऱ्हाड अशी व्यवस्था असेल, त्यांना मागाचे वर्णन करून सांगायला नको. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. ताण्याचे उभे धागे दोन थरांत उघडतात आणि त्या फटीतून बाण्याचा आडवा धागा घेऊन धोटा या टोकाकडून त्या टोकाकडे जातो. 'जातो' म्हटले, पण खरे म्हणजे तो फेकला जातो. एक काठी त्याला फटका देते, तो सुसाट पलीकडे जातो आणि तेथल्या पेटीत आपटून थांबतो. मग तिकडची काठी त्याला परत इकडे मारते. साध्या मागावर हे मिनिटाला सव्वाशे ते दीडशे वेळा घडते.

धोट्याचे वस्तुमान ४०० ग्रॅम आणि वेग सेकंदाला १२ मीटर धरा. त्याची गतिज ऊर्जा ½ × ०.४ × १४४, म्हणजे सुमारे २९ ज्यूल येते. एवढी ऊर्जा दर खेपेला निर्माण करायची आणि लगेच आपटून नाहीशी करायची! मिनिटाला दीडशे खेपा धरल्या तर आठ तासांत एका मागावर ७२,००० आपट्या होतात. एक कामगार चार, सहा, कधी आठ माग सांभाळतो, शेजारच्या कामगाराचे माग वेगळेच, आणि पाळी कित्येक ठिकाणी बारा तासांची असते. या आपटण्यातील बहुतेक ऊर्जा उष्णतेत जाते, अगदी अल्प भाग ध्वनी होतो. तो अल्प भागच आपला विषय आहे.

डेसिबेलची बेरीज

ध्वनीची तीव्रता म्हणजे एक चौरस मीटर क्षेत्रातून दर सेकंदाला जाणारी ध्वनिऊर्जा. निरोगी तरुण कानाला जेमतेम ऐकू येणारा ध्वनी एका चौरस मीटरला एक वॉटच्या दशलक्षांशाचा दशलक्षांश एवढा क्षीण असतो. याला शून्य डेसिबेल म्हणायचे आणि तीव्रता दहापट झाली की १० डेसिबेल मिळवायचे, अशी ही मोजपट्टी आहे. शंभरपट म्हणजे २०, हजारपट म्हणजे ३०. लॉगरिथम शिकलेल्या विद्यार्थ्यांच्या हे लगेच लक्षात येईल. (कारखान्यातील मापनात कानाच्या संवेदनक्षमतेप्रमाणे निरनिराळ्या कंप्रतांना कमीअधिक वजन देतात. त्याला 'डेसिबेल ए' म्हणतात. पुढे कारखान्याचे जे आकडे येतील ते सर्व या मापाचे समजावेत.)

समोरासमोर बसून बोलताना सुमारे ६० डेसिबेल होतात. मागांच्या चालू शेडमध्ये मापक ठेवला तर तो सर्वसाधारणपणे ९५ ते १०५ दाखवतो. आपण १०० धरू. साठ आणि शंभर यांत फार मोठा फरक दिसत नाही. परंतु ४० डेसिबेल म्हणजे १० × १० × १० × १०, अर्थात दहा हजार पट तीव्रता. आपल्या कानाला मात्र दर दहा डेसिबेलला आवाज साधारण दुप्पट झाल्यासारखा वाटतो. म्हणजे ऊर्जा दहा हजार पट झाली आणि कान सांगतो, "सोळा पट झाली." घाताची मोजदाद कान अशी कमी करून सांगतो. कामगार म्हणतो, "सवय झाली." त्यात त्याचा दोष नाही.

आता एक गणित. समजा, शेडमध्ये एकटा माग चालू असता एका जागी ८६ डेसिबेल भरतात. तसेच २४ माग चालू केले तर किती? ८६ × २४ असे उत्तर वर्गात हटकून येते! तीव्रता २४ पट होईल, आणि २४ चा लॉगरिथम १.३८ असल्यामुळे सुमारे १४ डेसिबेल वाढतील. उत्तर १०० डेसिबेल. हेच गणित उलटे करा. चोवीसपैकी बारा माग बंद केले तर किती उरतील? तीव्रता निम्मी होईल, म्हणजे फक्त ३ डेसिबेल कमी. ९७. निम्मा धंदा बंद ठेवला आणि कानाला फरक जेमतेम कळला! आवाज कमी करणे इतके अवघड का, याचे मूळ या एका ओळीच्या गणितात आहे.

आणखी एक नवल पाहा. १०० डेसिबेल म्हणजे एका चौरस मीटरला एक शतांश वॉट. आपल्या कानाच्या पडद्याचे क्षेत्रफळ अर्ध्या चौरस सेंटीमीटरच्या थोडे वर असते. तेव्हा पडद्यावर पडणारी शक्ती एक वॉटच्या दशलक्षांशाहूनही कमी भरते. इतक्या ऊर्जेने मुंगीही भाजणार नाही, पण कान बिघडतो.

कान कोठे बिघडतो?

पडद्यापलीकडे तीन चिमुकली हाडे, आणि त्यांच्यापलीकडे गोगलगाईच्या शंखासारखी वळलेली, द्रवाने भरलेली नळी आहे. या नळीत एका पडद्यावर केशपेशी ओळीने बसलेल्या असतात, एका कानात सुमारे पंधरा हजार. त्यांच्या माथ्यावरचे सूक्ष्म केस लवले की विद्युत्-संदेश निघतो आणि मेंदूकडे जातो. नळीच्या तोंडाजवळच्या पेशी उच्च कंप्रतेच्या ध्वनीला प्रतिसाद देतात, आतल्या टोकाच्या पेशी खर्जाला. पेटीच्या पट्ट्या जशा ओळीने असतात तसेच.

मोठा आवाज फार वेळ चालू राहिला तर हे केस वाकतात, पेशी थकतात. पाळी संपवून घरी आल्यावर कानात दडा बसल्यासारखे वाटते, शीळ घातल्यासारखा आवाज येत राहतो आणि टीव्हीचा आवाज वाढवावा लागतो. रात्रभराच्या विश्रांतीने कान पुष्कळसा पूर्ववत होतो. म्हणून घरात मागावर काम करणारे कोणी असेल तर हा प्रयोग करून पाहा. त्यांनी रात्री टीव्हीचा आवाज आपल्या सोयीने किती आकड्यावर ठेवला ते लिहून ठेवा आणि सकाळी त्याच आकड्यावर टीव्ही लावा. "केवढ्यानं लावलास!" असे ते म्हणाले तर रात्री त्यांचे कान थकलेले होते, हे नक्की. हा थकवा रोज आला की काही पेशी एके दिवशी विश्रांतीनेही सुधारत नाहीत. त्या मरतात. मेलेली केशपेशी माणसात पुन्हा तयार होत नाही. कोंबडीच्या कानात होते, हे १९८० नंतरच्या दशकात दिसून आले आणि तेव्हापासून शास्त्रज्ञ त्या वाटेने खटपट करीत आहेत. पण माणसाचा कान अजून कोंबडीइतका भाग्यवान नाही.

मग 'स्'चे काय? बाहेरच्या छिद्रापासून पडद्यापर्यंतची कानाची नळी सुमारे अडीच सेंटीमीटर लांब असते. एक तोंड उघडे, दुसरे पडद्याने बंद. एका टोकाला बंद असलेल्या नळीतील अनुनाद तुम्ही शिकला आहात: तरंगलांबी नळीच्या लांबीच्या चौपट. येथे ती १० सेंटीमीटर. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरला तर कंप्रता ३४० ÷ ०.१, म्हणजे ३४०० हर्ट्‌झ. पाच सेंटीमीटरच्या पेनच्या टोपणावर फुंकर घाला, सुमारे १७०० हर्ट्‌झची शीळ ऐकू येईल. कानाची नळी त्याच्या निम्मी, म्हणून स्वर सप्तकभर वरचा.

या अनुनादामुळे ३४०० हर्ट्‌झच्या आसपासचा ध्वनी पडद्यावर पोचेपर्यंत दहापंधरा डेसिबेलने वाढलेला असतो. मागाच्या खडखडाटात सर्व कंप्रतांची खिचडी असते, परंतु कान त्यातला हाच भाग निवडून मोठा करून आत घेतो. याच्या किंचित वरच्या, म्हणजे ४००० हर्ट्‌झच्या आसपासच्या केशपेशींना सर्वांत जास्त मार बसतो. कानात आवाज थोपवणारा एक चिमुकला स्नायूही आहे, मोठा आवाज आला की तो आखडून हाडांची हालचाल कमी करतो. पण त्याला आखडायला सेकंदाचा दहावा भाग लागू शकतो, तोवर धोटा आपटून गेलेला असतो. शिवाय तो खर्जाचे ध्वनी अडवतो, चार हजारांचे नव्हे.

'आ', 'ओ' या स्वरांची ऊर्जा मुख्यतः हजार-बाराशे हर्ट्‌झच्या आत असते. 'स्'ची ४००० ते ८००० मध्ये. 'श', 'फ', 'थ' यांतील फुसफुसही वरच्याच भागात. म्हणून माणसाला बोलण्याचा आवाज ऐकू येतो आणि शब्द कळत नाही. समोरचे सगळे पुटपुटतात असे त्याला प्रामाणिकपणे वाटते. मामांच्या कानाची तपासणी शेवटी झाली तेव्हा कागदावरची रेघ एक हजार हर्ट्‌झपर्यंत जवळजवळ सरळ होती, वीस डेसिबेलच्या आसपास. पुढे ती घसरत गेली आणि ४००० ला ६५ वर जाऊन टेकली. म्हणजे तिथला ध्वनी ऐकू येण्यासाठी तो हजार हर्ट्‌झच्या मानाने तीस हजार पट तीव्र असावा लागत होता. ८००० ला रेघ पुन्हा थोडी वर आली होती. ही मधली खळगी पाहून डॉक्टरांनी विचारले, "मागावर होता का?" केवळ वयाने कान मंद झाला तर रेघ शेवटपर्यंत घसरतच जाते.

तीनशे वर्षांची जुनी तक्रार

हे दुखणे यंत्रयुगाआधीचे आहे. रामाझिनी या इटालियन वैद्याने कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला, त्याची पहिली आवृत्ती १७०० साली निघाली. व्हेनिसचे तांबट दिवसभर तांबे ठोकून बहिरे होतात, हे त्याने त्यात नोंदले आहे. पुण्याच्या तांबट आळीतून गेलेल्यांना हे पटायला वेळ लागणार नाही. (त्या ठोक्यावरून आपण एका पक्ष्यालाही तांबट म्हणतो. तो मात्र बहिरा होत नसावा!) पुढे १८८६ साली ग्लासगोच्या टॉमस बार या डॉक्टरांनी बॉयलर बनवणारे शंभर कामगार तपासले. त्यांत एकाचीही श्रवणशक्ती संपूर्ण निकोप आढळली नाही. लँकेशायरच्या गिरण्यांत तर विणकर बाया एकमेकींच्या ओठांवरून बोलणे ओळखत. आपल्याकडे हातवारे चालतात.

मर्यादा किती असावी, याबद्दल मतभेद आहेत. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याखालील नियमांनी आठ तासांना ९० डेसिबेल ही मर्यादा घातली आणि दर ५ डेसिबेलला वेळ निम्मी केली. त्या हिशेबाने १०० डेसिबेलमध्ये दोन तास काम करता येते. आवाजाने येणारा बहिरेपणा त्या कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात, म्हणजे सरकारला कळवण्याच्या रोगांच्या यादीतही आला. अमेरिकेच्या नायॉश या संशोधन संस्थेने १९९८ साली आठ तासांना ८५ डेसिबेल आणि दर ३ डेसिबेलला निम्मी वेळ, अशी शिफारस केली. हा हिशेब करून पाहा: ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा, आणि १०० ला पंधरा मिनिटे. एक नियम दोन तास म्हणतो, दुसरा पाव तास! तीन डेसिबेलला ऊर्जा दुप्पट होते हे आपण वर पाहिलेच, तेव्हा भौतिकशास्त्राचा शिक्षक म्हणून मला दुसरा नियम अधिक सरळ वाटतो. त्याच संस्थेच्या अंदाजाप्रमाणे ९० डेसिबेलमध्ये चाळीस वर्षे काम केले तर शंभरातील २५ जणांचा कान त्या आवाजापायी लक्षणीय बिघडतो, ८५ मध्ये ८ जणांचा. तेव्हा ९० च्या आत म्हणजे सुरक्षित, असे समजण्यात अर्थ नाही.

उपाय

सर्वांत चांगला उपाय उगमापाशी. धोटा नसलेले माग आता आले आहेत. त्यांत बाण्याचा धागा पट्टीने किंवा हवेच्या झोताने नेतात. ते अगदी शांत असतात असे नाही, आणि लहान मालकाला ते परवडत नाहीत ही गोष्टही खरी. जुन्या मागात फटका देणाऱ्या भागांचे चामडे व रबर वेळेवर बदलणे आणि सैल झालेले नटबोल्ट आवळणे एवढे तरी होते. मागाखाली रबराच्या गाद्या घातल्या तर जमिनीतून शेजारच्या घरांत जाणारा हादरा कमी होतो. छताला ध्वनी शोषणारे आच्छादन लावून भिंतींवरून परतणारा ध्वनी कमी करता येतो. पण कामगार आपल्या मागापासून हातभर अंतरावर उभा असतो, त्याच्या कानात सरळ येणारा ध्वनी छत अडवू शकत नाही. शिवाय कापसाची पिंज त्या आच्छादनात बसते आणि आगीची भीती वाढते.

म्हणून शेवटी कानाच्या बोळ्यावर यावे लागते. साध्या कापसाच्या बोळ्याने फार थोडे डेसिबेल कमी होतात. फोमचा बोळा बोटांत पिळून, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर-मागे ओढून आत सोडला आणि फुगेपर्यंत धरून ठेवला, तर २० डेसिबेल सहज कमी होतात. शंभराचे ऐंशी. पण येथेही गणित आहे, आणि ते फार थोड्यांना सांगितले जाते. समजा, कामगाराने आठ तासांपैकी साडेसात तास बोळे घातले आणि अर्धा तास काढून ठेवले. १०० डेसिबेलमधल्या एका तासाच्या मात्रेला १ म्हणा. बोळ्याने ती शंभरावा भाग होते. तेव्हा साडेसात तासांची मात्रा ०.०७५ आणि उघड्या अर्ध्या तासाची ०.५. बेरीज ०.५७५. पूर्ण वेळ बोळे घातले असते तर ती फक्त ०.०८ झाली असती. अर्ध्या तासाने मात्रा सात पट केली! वीस डेसिबेलचा बोळा आता साडेअकरा डेसिबेलचा राहिला.

कामगार बोळा काढतो तो हौसेने काढत नाही. घामाने कान खाजतो, जॉबरचे बोलणे ऐकायचे असते, माग बिघडला तर त्याचा आवाज बदलतो तो ओळखायचा असतो. यातल्या शेवटच्या दोन कारणांबद्दल सांगण्यासारखे आहे. बोळा खडखडाट जितका कमी करतो तितकेच बोलणेही कमी करतो, म्हणजे दोघांचे गुणोत्तर तेच राहते. कान निकोप असेल तर थोड्या दिवसांच्या सरावाने बोलणे उघड्या कानाइतकेच, कधी अधिक स्पष्ट कळते. ज्याचा कान आधीच बिघडला आहे त्याला मात्र बोळ्याने बोलणे आणखी कळेनासे होते, आणि त्याची तक्रार खरी असते. म्हणून बोळे पहिल्या दिवसापासून द्यावे लागतात, दहा वर्षांनी नव्हे. आणि कामावर घेतानाच एकदा कान तपासून तो कागद जपून ठेवावा, दरवर्षी नवा कागद त्याच्याशी ताडून पाहावा. चार हजारांची खळगी बोलण्यातली अडचण जाणवण्याच्या कित्येक वर्षे आधी कागदावर दिसू लागते.

तुमच्या गावात कारखाना, गिरणी, सुतारशाळा, पत्र्याचे काम करणारे दुकान काहीतरी असेलच. तेथे मालकाची परवानगी काढून जा. दोघांनी हातभर अंतरावर उभे राहून नेहमीच्या आवाजात बोला. ओरडल्याशिवाय कळत नसेल तर आवाज ८५ डेसिबेल किंवा अधिक असण्याचा संभव मोठा. मोबाइलवरचे मापक यंत्र ढोबळ अंदाजापुरते ठीक आहे, त्याच्या आकड्यावर भांडू नका. आत असताना तुम्हीही बोळे घाला.

मामांनी श्रवणयंत्र घेतले. यंत्राने 'स्' मोठा होतो, पण तो ऐकणाऱ्या पेशीच गेल्यामुळे स्पष्ट होत नाही. शुक्रवारच्या बाजारात तर ते यंत्र काढूनच ठेवतात. त्यांची नात सहावीत आहे. तिने यातून आपली वाट काढली आहे. आजोबांशी बोलताना ती त्यांच्या समोर येते, मगच तोंड उघडते, आणि साठ म्हणायचे असेल तेव्हा "सहावर शून्य, आजोबा," असे म्हणते.